टी सेल शुद्ध निघाल्या पण काम करेनात : नाशिकच्या एका लॅबमधलं प्रकरण

गंगापूर रोडच्या बाजूच्या एका कॉलेजच्या लॅबमधलं हे प्रकरण आहे. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, तिच्या गाइड मॅडम आणि अधूनमधून बाहेरून मदतीला जाणारा मी, एवढीच टीम. प्रोजेक्ट ऐकायला साधा होता, माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्या कामाप्रमाणे वेगवेगळ्या गटात काढायच्या आणि प्रत्येक गट आपलं काम खरंच करतो का ते दाखवायचं. फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन ओळखणारं मशीन) नाही, अँटीबॉडी लावलेले मॅग्नेटिक बीड्स परवडणारे नाहीत, त्यामुळे 1970 च्या दशकातल्या जुन्या पद्धती वापरायचं ठरलं. मला तर ते आवडलंच, कारण मशीनमधून आलेल्या ठिपक्यांच्या चित्रापेक्षा या पद्धतींमध्ये पेशी नक्की काय करते हे डोळ्यांनी दिसतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. मोठ्या माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण 4,000 ते 11,000 पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त बहुतेक वेळा न्यूट्रोफिल, 20 ते 40 टक्के लिम्फोसाइट, मोनोसाइट 2 ते 8 टक्क्यांच्या आसपास, बाकी इओसिनोफिल बेसोफिल थोडेसे. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. पण त्या रिपोर्टमधला "लिम्फोसाइट" हा एकच आकडा म्हणजे खरंतर किमान तीन वेगळ्या लोकांचं एकत्र रेशन कार्ड आहे, टी सेल, बी सेल आणि एनके म्हणजे नॅचरल किलर सेल. टी आणि बी तर साध्या मायक्रोस्कोपखाली डाग देऊन बघितल्या तरी सारख्याच दिसतात, गोल न्यूक्लियस आणि भोवती थोडासा सायटोप्लाझम, ओळखून दाखवा म्हटलं तर भलेभले पॅथॉलॉजिस्ट पण हात वर करतील. दोघींचं काम मात्र पूर्ण वेगळं. बी अँटीबॉडी बनवण्याकडे जाते, टी मधल्या काही बाकीच्यांना मदत करतात तर काही व्हायरस घुसलेली पेशी सरळ मारतात.

म्हणजे दिसण्यावरून वेगळं करता येत नाही, मग वागण्यावरून करायचं. कोण प्लास्टिकला चिकटतं, कोण लोखंडाची पूड खातं, कोण नायलॉनमध्ये अडकतं, कोणाला मेंढीच्या लाल पेशी चिकटतात.

पेशी कशा काढल्या

कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि संमतीपत्र झाल्यावर एका निरोगी व्हॉलंटियरचं 20 मिली रक्त घेतलं. इथे पहिलीच गोष्ट, आपल्याकडच्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशी म्हटलं की हात आपोआप जांभळ्या टोपणाच्या ट्यूबकडे जातो कारण सीबीसी त्यातच होतं, पण त्यात ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं. पेशी नुसत्या मोजायच्या असतील तर चालतं, पण त्यांच्याकडून नंतर काम करून घ्यायचं असेल तर कॅल्शियम लागतंच, म्हणून हिरव्या टोपणाची हेपरिनची ट्यूब घेतली.

मग फिकॉल, म्हणजे पेशी घनतेवर वेगळ्या करणारा द्राव. 1968 साली नॉर्वेच्या आर्ने ब्योयुम यांनी ही पद्धत दिली आणि आजही जगभर तीच चालते. 1.077 घनतेच्या द्रावावर पातळ केलेलं रक्त हळूच सोडायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये 400 जी ला 30 मिनिटं फिरवायचं, ब्रेक बंद ठेवून. लाल पेशी आणि न्यूट्रोफिलसारख्या जड पेशी तळाला जातात आणि लिम्फोसाइट, मोनोसाइट मध्येच एका पांढुरक्या रिंगमध्ये थांबतात. हे सगळं 18 ते 20 अंशाला करायचं असतं, आणि डिसेंबरातली नाशिकची सकाळ म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा शहरातली लॅब पण गारठलेलीच असते. फ्रीजमधून काढलेलं फिकॉल टेबलावर ठेवून ते "रूम टेम्परेचरला" येईल ही आशा तेव्हा सोडून द्यायची, थर्मामीटर घालून वॉटर बाथमध्ये आणायचं. मॅडमनी हे आधीच करून घेतलेलं, त्यामुळे रिंग छान स्वच्छ आली.

पण रिंग म्हणजे अजून खिचडीच. घनतेवर वेगळं करणं हे लासलगावला कांदा गोल्टी, मध्यम, मोठा असा निवडण्यासारखं आहे, भाव ठरवायला ठीक, पण त्यातला कोणता चाळीत टिकेल आणि कोणाला कोंब फुटेल ते आकारावरून कळत नाही. या रिंगमध्ये टी सेल सगळ्यात जास्त, मग मोनोसाइट, मग बी आणि एनके असं मिश्रण असतं.

पुढची पायरी मोनोसाइट काढण्याची. रिंगमधल्या पेशी धुऊन प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये 37 अंशाला तासभर ठेवल्या, मोनोसाइट तळाला चिकटून बसतात, लिम्फोसाइट तरंगत राहतात, हलक्या हाताने त्या काढून घ्यायच्या. चिकटलेल्या मोनोसाइट तिने फेकल्या नाहीत, थंड बफर घालून सोडवून वेगळ्या ट्यूबमध्ये बाजूला ठेवल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे अशाच ट्यूबने प्रकरण सुटलं.

तरंगणाऱ्यांमध्ये थोड्याफार मोनोसाइट राहतातच. त्यासाठी तिने कार्बोनिल आयर्न वापरलं, म्हणजे लोखंडाची अतिशय बारीक पूड. मोनोसाइट ती खातात, लिम्फोसाइट खात नाहीत, मग ट्यूबच्या बाजूला चांगला दणकट मॅग्नेट लावला की पूड खाल्लेल्या पेशी तिकडे ओढल्या जातात. मला विचाराल तर सगळ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात देखणी पायरी हीच, खादाडपणा हाच ओळखीचा पुरावा, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

शेवटी नायलॉन वूलचा कॉलम. सिरिंजमध्ये धुतलेली नायलॉन वूल पिंजून भरायची, गरम मीडियाने (पेशींना जगवणारा पोषक द्राव) भिजवायची, वरून पेशी सोडायच्या आणि 37 अंशाला तासभर ठेवायचं. बी सेल धाग्यांना चिकटतात, टी सेल मीडियाबरोबर खाली उतरतात. मग थंड मीडिया घालून वूल दाबून पिळली की अडकलेल्या बी बऱ्यापैकी सुटतात, सगळ्या नाही.

टी सेल आहेत हे कशावरून

त्यासाठी मेंढीच्या लाल पेशी. माणसाच्या टी सेलवर सीडी2 नावाचं प्रोटीन असतं आणि ते मेंढीच्या लाल पेशीला जाऊन धरतं, त्यामुळे मध्ये एक लिम्फोसाइट आणि भोवती लाल पेशींचा वेढा अशी फुलासारखी रोझेट तयार होते. तीन किंवा जास्त लाल पेशी चिकटल्या असतील तरच रोझेट धरायची. आता हे रक्त आणायचं कुठून, मटणाच्या दुकानात बहुतेक बोकडच असतो, दुकानदार मेंढी आहे म्हणाला तरी प्रयोगासाठी त्याच्या शब्दावर कसं जाणार. शेवटी ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी धनगराच्या कळपातल्या मेंढीचं थोडं रक्त रीतसर काढून दिलं, धनगरबाबांना काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. ते लाल पेशी टिकवणाऱ्या आल्सेव्हर द्रावात फ्रीजला ठेवलं. लिम्फोसाइट आणि मेंढीच्या पेशी एकत्र करून हलकं फिरवून बर्फावर ठेवायच्या आणि नंतर ट्यूब अगदी अलगद हलवायची, जोरात हलवली की रोझेट सुटतात आणि मग टी सेल कमी आहेत असं उगाचच वाटतं.

रोझेट एकदम मस्त दिसल्या. नायलॉनमधून उतरलेल्या गटात जवळजवळ प्रत्येक पेशीला रोझेट, लॅटेक्सचे बारीक मणी खायला दिले तर खाणारं कोणी सापडेना म्हणजे मोनोसाइट साफ, ट्रायपॅन ब्लूमध्ये निळ्या म्हणजे मेलेल्या पेशी क्वचित एखादी. गाइड मॅडम खूश, पोरगी त्याहून खूश.

आणि मग फंक्शनची टेस्ट लावली.

टी सेल काम करते का हे बघायची जुनी पद्धत म्हणजे पीएचए (फायटोहिमॅग्लुटिनिन) देणे. हा पदार्थ राजम्यातून निघतो, कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर पोट बिघडतं ते याच्यामुळेच. 1960 मध्ये फिलाडेल्फियाला पीटर नॉवेल यांना दिसलं की पीएचए घातल्यावर रक्तातले शांत बसलेले लिम्फोसाइट चक्क विभागायला लागतात, त्याआधी लिम्फोसाइट म्हणजे आयुष्याच्या शेवटाला आलेली पेशी असाच समज होता. पीएचए घालून तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवलं की पेशी फुगतात, एकमेकींना धरून गुच्छ करतात, डिश नुसती मायक्रोस्कोपखाली धरली तरी कळतं.

तिसऱ्या दिवशी गट वेगळे न केलेल्या रिंगच्या पेशींमध्ये गुच्छच गुच्छ. शुद्ध टी सेलच्या डिशमध्ये जवळजवळ काही नाही, इकडे तिकडे एखादी फुगलेली पेशी, बाकी सगळ्या लहान गोल शांत. "सर, मेल्या नाहीयेत, पण काही करत पण नाहीयेत," असा तिचा फोन. एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी जितक्या जास्त तितका रंग येणारी टेस्ट, लावली त्यातही तेच, रंग आलाच नाही म्हटलं तरी चालेल.

संशय कोणाकोणावर

तिचा पहिला अंदाज, पीएचए खराब झालं. पण त्याच बाटलीतून घेऊन गट वेगळे न केलेल्या पेशी छान वाढल्या होत्या, त्यामुळे हा मुद्दा तिथेच संपला. कंट्रोल डिश लावलेली असली की वाद किती पटकन मिटतो बघा, आणि तरी प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी "पेशी कमी आहेत म्हणून कंट्रोल नाही लावला" असं सांगणारा निघतोच.

मॅडमचा संशय नायलॉन आणि लोखंडावर. नायलॉन वूल नीट धुतली नसेल तर तिच्यातलं काहीतरी मीडियात उतरून पेशींना त्रास देऊ शकतं आणि लोखंडाची पूड पण थोडी राहिलेली असू शकते. रास्त संशय होता. म्हणून कॉलममधून पेशींशिवाय नुसता मीडिया सोडला, तो गट वेगळे न केलेल्या पेशींवर घातला आणि पीएचए दिलं. पेशी नेहमीसारख्याच वाढल्या. लोखंडासाठी पण तसंच केलं, पूड मीडियात तेवढाच वेळ ठेवून मॅग्नेटने काढली आणि तो मीडिया वापरला, तरी वाढ झाली. म्हणजे विष वगैरे काही नाही.

मग मी तिला वही उघडायला लावली आणि विचारलं की प्रत्येक पायरीनंतर थोड्या पेशी काढून पीएचए दिलं होतंस का. सुदैवाने दिलं होतं, मॅडमच्या शिस्तीमुळे. नुसत्या प्लास्टिकच्या पायरीनंतर गुच्छ थोडेसेच कमी होते, लोखंडानंतर बरेच कमी आणि नायलॉननंतर जवळजवळ शून्य. हे बघितल्यावर उत्तर कागदावरच होतं खरंतर. टी सेलचं प्रमाण प्रत्येक पायरीला वाढत गेलं आणि काम प्रत्येक पायरीला घटत गेलं, म्हणजे आपण टी सेल बिघडवत नव्हतो, दुसरं कोणीतरी बाहेर काढत होतो ज्याच्याशिवाय टी सेल हलत नाही.

तो दुसरा म्हणजे मोनोसाइट. टी सेलला फक्त रिसेप्टरवर (पेशीवरचं सिग्नल घेणारं प्रोटीन) धक्का मिळून भागत नाही, सोबत दुसरा सिग्नल लागतो, मोनोसाइटसारख्या पेशीवरचे सीडी80 आणि सीडी86 ही प्रोटीन टी सेलच्या सीडी28 या प्रोटीनला जाऊन लागतात तो, शिवाय मोनोसाइट इंटरल्युकिन-1 सारखे पदार्थ सोडतात त्यांचीही मदत होते. हे सगळं मिळालं की टी सेल स्वतःचं इंटरल्युकिन-2 बनवते आणि त्यावर वाढते. 1972 मध्ये गेरी, गर्शन आणि वॅक्समन यांनी असा एक पदार्थ दाखवला होता जो चिकटणाऱ्या पेशी सोडतात आणि ज्याने थायमसमधल्या लिम्फोसाइट पीएचएला जोरात प्रतिसाद देतात, तोच पुढे इंटरल्युकिन-1 म्हणून ओळखला गेला. प्लास्टिकच्या पायरीनंतर फार फरक पडला नव्हता कारण मोनोसाइट फार थोड्या उरल्या तरी पुरतात. ही पोरगी इतकी चिकाटीची की तिने त्या थोड्या पण ठेवल्या नाहीत.

अंदाज बरोबर आहे का ते तपासायला दोन प्रयोग लावले, त्याच व्हॉलंटियरचं पुन्हा रक्त घेऊन. पहिल्यात शुद्ध टी सेलमध्ये बाजूला ठेवलेल्या ट्यूबमधल्या त्याच माणसाच्या मोनोसाइट थोड्या थोड्या परत मिसळल्या, एका ओळीत काहीच नाही, मग 1 टक्का, 5 टक्के, 10 टक्के, असं करत निम्म्यापर्यंत. शेजारी नुसत्या मोनोसाइट आणि पीएचए अशी पण एक डिश, कारण एमटीटीमध्ये जिवंत मोनोसाइट पण रंग देतात आणि तो रंग टी सेलच्या नावावर जमा व्हायला नको. मोनोसाइट त्याच माणसाच्या घ्यायच्या हे पण महत्त्वाचं, दुसऱ्याच्या घेतल्या तर टी सेल त्यांना परकं समजून नुसत्या त्यावरच वाढायला लागतात.

दुसऱ्यात शुद्ध टी सेलना पीएमए आणि आयोनोमायसिन दिलं. ही जोडी रिसेप्टरचा दरवाजाच वाजवत नाही, सरळ आत शिरते, पीएमए आतला सिग्नल पुढे नेणारं प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम चालू करतं आणि आयोनोमायसिन पेशीत कॅल्शियम सोडतं. टी सेल आतून धड असेल तर मोनोसाइट नसताना पण वाढायला हवी.

वाढली, चांगलीच वाढली. आणि पहिल्या प्रयोगात 5 टक्के मोनोसाइटवर गुच्छ दिसायला लागले, 10 ला गट वेगळे न केलेल्या पेशींच्या जवळपास पोचले. गंमत त्यापुढे आहे, निम्म्या मोनोसाइट मिसळलेल्या डिशमध्ये वाढ परत खाली आली. विद्यार्थिनीला वाटलं मिसळताना काहीतरी गडबड झाली, पण मोनोसाइट प्रोस्टाग्लँडिन ई2 पण सोडतात आणि ते टी सेलला दाबतं, त्यामुळे मदत करणारीच पेशी संख्येने जास्त झाली की ब्रेक लावते. तिने इंडोमेथासिन घालून बघितलं, हे औषध प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतं, आणि दबलेली वाढ बरीचशी परत आली. पूर्ण नाही आली, कारण एवढ्या गर्दीत मीडियातलं पोषण पण लवकर संपतं आणि त्यावर इंडोमेथासिन काय करणार.

बी सेलच्या गटाचं थोडक्यात सांगतो. पिळून काढलेल्या बी गटाने पीएचएला थोडासा प्रतिसाद दिला आणि क्षणभर सगळे गोंधळले, पण मेंढीच्या पेशी लावल्यावर त्यात रोझेट दिसल्या, म्हणजे टी सेल मिसळलेल्या होत्या, नायलॉन पिळताना एवढं येतंच. रोझेटवाल्या पेशी परत फिकॉलवर घालून खाली बसवल्या, लाल पेशी चिकटल्यामुळे त्या जड होतात, आणि वर उरलेल्या बी घेतल्या. आता पीएचएला शांतता. पण पोकवीड मायटोजेन (पेशींना विभागायला लावणारा वनस्पतीतला पदार्थ) देऊन अँटीबॉडी बनवायला लावलं तर तेही होईना, टी सेल थोड्या परत घातल्या तेव्हाच झालं. हे पण पुस्तकात आहे, माणसाच्या बी सेलना पोकवीडवर अँटीबॉडी बनवायला टी ची मदत लागते. तेव्हा दुसऱ्यांदा तेच बघून तिला आता आश्चर्य वाटेनासं झालं होतं, "सर, यांचं एकटीचं काहीच नाहीये का हो," एवढंच म्हणाली.

मॅडमना थीसिसमध्ये शुद्धतेचा टक्का मोठ्या अक्षरात हवा होता. मी म्हटलं टक्का लिहा, पण त्याच्या शेजारच्या कॉलममध्ये परत मिसळल्यावर काय झालं ते पण लिहा, नाहीतर वाचणारा म्हणेल या टी सेल शुद्ध आहेत आणि निकामी आहेत. दोन्ही गोष्टी एका टेबलात बसवायला जरा ओढाताण झाली, पण बसवल्या. याचा उपयोग फक्त परीक्षेपुरता नाहीये, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजच्या मुलांमध्ये न्यूट्रोफिलचा आकडा नॉर्मल असतो पण ते गिळलेले जंतू मारू शकत नाहीत, तिथे नुसता सीबीसी बघून काही कळत नाही, डीएचआर किंवा एनबीटीसारखी कामाची टेस्टच करावी लागते, आणि ती करायला ताजं रक्त वेळेत पोचवावं लागतं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकलं, आलेख बघितले, आणि एकच प्रश्न टाकला, "रोझेट म्हणजे टी सेल, हे तुम्ही कशावरून धरलं?" प्रश्न अगदी वर्मावर होता. सीडी2 फक्त टी सेलवर नसतं, बऱ्याचशा एनके सेलवर पण असतं, आणि एनके प्लास्टिकला चिकटत नाहीत, लोखंड खात नाहीत, नायलॉनमधून पण टी बरोबरच खाली उतरतात. म्हणजे तिच्या शुद्ध गटात एनके होत्याच, फक्त रोझेटने त्या टी मध्ये मोजल्या गेल्या. तिने ते तिथल्या तिथे कबूल केलं आणि वर सांगितलं की एनके ओळखायच्या तर त्यांच्या कामावरून, के562 या लॅबमध्ये वाढवलेल्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी समोर ठेवून कोण आधी तयारी न करता मारतं ते बघायचं. परीक्षक हसले, म्हणाले मग करा. के562 आता पुण्याच्या एनसीसीएसकडून (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) मागवायच्या आहेत, अर्ज मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडलाय, आणि पुढच्या बॅचच्या एका पोराने त्यासाठी आत्तापासूनच मेंढीवाल्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतलाय.